पॅन्क्रियाजचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय, मग ऑपरेशन का करत नाहीत? निपाणीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, रिपोर्टमधल्या ज्या ओळी टाइप करून टाकल्यात त्याही वाचल्या. मला काय समजलं ते आधी लिहितो म्हणजे पुढं घोळ नको. आप्पा ६१ वर्षांचे, निपाणीजवळ शेती, महिन्यापूर्वी डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, वजन उतरलं. सीटीमध्ये पॅन्क्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) डोक्यात, म्हणजे पित्ताची नळी जिथनं जाते तिथं, साडेतीन सेंटिमीटरची गाठ आणि लिव्हरवर तीन छोटे ठिपके. दुर्बिणीतनं पित्तनळीत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकला, कावीळ उतरायला लागली. इथल्या डॉक्टरांनी 'पसरलाय, ऑपरेशन नको, केमो देऊ' सांगितलं आणि दुसऱ्या शहरात एका ठिकाणी 'आठवड्यात उघडून सगळं काढून टाकू' म्हणून ॲडव्हान्स भरायला सांगितला. त्यात काकांचं म्हणणं, त्यांच्या व्याह्यांचा आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलेला तरी ऑपरेशन झालं, सहा वर्षं झाली अजून मोटरसायकलवर फिरतात, मग आमच्या आप्पालाच का नाही म्हणतात?

मी पोटाच्या कॅन्सरचा सर्जन, बेळगावात वीसेक वर्षं हेच काम करतोय. ऑपरेशन हेच माझं रोजचं काम, त्यामुळं मी जेव्हा ऑपरेशन नको म्हणतो तेव्हा ते हात आखडता घेण्यासाठी म्हणत नाही एवढं धरून चाला. आणि पेशंट न तपासता, सीटी स्वतः न बघता मी आप्पांचा निकाल देऊ शकत नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच द्यायचा. पण विचार कसा करायचा ते सांगतो.

घरात सगळे विचारतायत, 'ऑपरेशन होईल का?' ह्याचं उत्तर बहुतेक वेळा 'होईल' असंच असतं. गाठ काढता येते, लिव्हरवरचे तीन ठिपकेसुद्धा कापता येतात. विचारायचं ते हे की त्यानं आप्पांचं आयुष्य वाढेल का, आणि जेवढं आहे तेवढं बरं जाईल का. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि सगळा गोंधळ ते एकच समजल्यामुळं होतो.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात म्हणून लव्हाळ्याचं उदाहरण देतो. वरनं दिसतो तेवढा लव्हाळा खुरप्यानं काढला तरी जमिनीखाली गाठी असतात, पंधरा दिवसांत परत वर येतो. पॅन्क्रियाजच्या नेहमीच्या कॅन्सरचं असंच आहे. सीटीत तीन ठिपके दिसले म्हणजे तीनच आहेत असं नसतं, तीन दिसण्याएवढे मोठे झालेत. बाकीचे रक्तातनं पोचलेत, मोहरीएवढे पण नाहीत, कुठल्या मशीनला दिसत नाहीत. अहो, ज्यांच्यात काहीच पसरलेलं दिसत नाही, गाठ पूर्ण निघते, कडासुद्धा साफ येतात, त्यांच्यातही बहुतेकांना आजार परत येतो, म्हणून तर त्यांनाही ऑपरेशननंतर सहा महिने केमो देतात. मग आधीच पसरलेल्यात नुसती सुरी किती पुरी पडणार.

आता काकांच्या व्याह्यांचं. काकांचं चुकत नाहीये, त्यांनी पाहिलं ते खरंच आहे. मोठ्या आतड्याचं रक्त आधी थेट लिव्हरमध्ये जातं आणि त्या कॅन्सरच्या पेशी बऱ्याच पेशंटमध्ये तिथंच अडकून राहतात, पुढं जात नाहीत, म्हणून लिव्हरचा तेवढा भाग काढला तर काही लोक खरंच बरे होतात. आम्ही ती ऑपरेशन करतो. पॅन्क्रियाजचं रक्तही लिव्हरमध्येच जातं पण ह्या कॅन्सरची जात वेगळी, लिव्हरमध्ये दिसला तेव्हा तो सहसा पोटाच्या पडद्यावर, फुप्फुसात, आणखी कुठं कुठं पोचलेला असतो. अवयव एकच, लिव्हर, पण पेरलेलं बी वेगळं. काकांना असं सांगून बघा, पटेल.

आता थोडा हिशोब, कडू आहे पण तुम्ही स्पष्ट विचारलंय म्हणून लिहितो. २०११ साली फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात पसरलेल्या पॅन्क्रियाज कॅन्सरच्या पेशंटना चार औषधांची केमो दिली, फॉल्फिरिनॉक्स म्हणतात तिला. त्यात निम्मे पेशंट ११.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले, जुन्या एकट्या जेमसायटाबिनवर हाच आकडा ६.८ महिने होता. २०१३ मध्ये जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही जोडी आली, तिच्यात ८.५ महिने. निम्मे म्हणजे निम्मे, कुणी तीन महिन्यांत जातं, कुणी दोन वर्षं काढतं, आप्पा कुठल्या बाजूला हे कुणीच आज सांगू शकत नाही. आता ह्यात ऑपरेशन घाला. व्हिपल ऑपरेशन म्हणजे पॅन्क्रियाजचं डोकं, छोट्या आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा भाग हे सगळं काढायचं आणि मग तीन ठिकाणी जोड द्यायचे, पाच-सहा तास तरी लागतात, कधी जास्त. चांगल्या सेंटरमध्ये, जिथं वर्षभर ही ऑपरेशन होतात तिथंसुद्धा शंभरातले दोन ते पाच जण त्यातनं उठत नाहीत आणि तीसचाळीस जणांना काही ना काही त्रास होतो, पॅन्क्रियाजचा जोड गळणं हा सगळ्यात वाईट. सगळं सुरळीत झालं तरी केमो घेण्याएवढी ताकद यायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे हातात जे महिने आहेत त्यातले दोन जखम भरण्यात आणि तेवढा वेळ पसरलेल्या आजारावर कसलंच औषध नाही. गळती झाली तर दोनाचे चार होतात आणि मग केमो राहूनच जाते.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. नवीन होतो तेव्हा खानापूरकडच्या एका गृहस्थांचं पोट मी उघडलं, सीटी स्वच्छ होता, लिव्हरवर काही नव्हतं. आत हात घातला आणि पोटाच्या पडद्यावर बोटाला खसखशीसारखे दाणे लागले, पांढरे, कडक. लिव्हरच्या मागच्या बाजूला पण. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सरच निघाला. गाठ तशीच ठेवली, पित्ताला आणि जेवणाला दुसरी वाट करून दिली आणि पोट शिवलं. त्यांना घरी जायला तीन आठवडे लागले, जखमेत पू झाला, केमोचा पहिला डोस तीन महिन्यांनी, तोही अर्धवट. बाहेर थांबलेल्या त्यांच्या मुलाला मी काय सांगितलं ते शब्द मला अजून आठवतात. तेव्हापासनं शंका असेल तर मी आधी छोट्या भोकातनं कॅमेरा घालून पोट बघतो, लॅप्रोस्कोपी. सीटीत न दिसणारे दाणे त्यात दिसतात, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि आठवड्याभरात केमो सुरू होते. तो मोठा चिरा त्या माणसाला द्यायला नको होता.

आता एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय पण त्यात बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून तपासल्याचा, उल्लेख कुठंच नाही. झाली असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर ठीक. झाली नसेल तर ऑपरेशन की केमो हा वाद आत्ता घालायचाच नाही, आधी तुकडा. का ते सांगतो.

एक म्हणजे ते ठिपके कॅन्सरचेच कशावरनं? कावीळ, त्यात पित्तनळीत इन्फेक्शन झालं, ताप येऊन गेला, तर लिव्हरमध्ये पुवाचे छोटे फोड होतात आणि सीटीवर ते कधी कधी हुबेहूब पसरलेल्या कॅन्सरसारखे दिसतात. गडहिंग्लजकडचे एक मास्तर असेच 'पसरलाय' म्हणून आलेले, स्टेंटनंतर त्यांना थंडी वाजून ताप येत होता. अँटिबायोटिक दिली, महिन्यानं परत सीटी केला, ठिपके गेलेले. पुढं लॅप्रोस्कोपी केली, पोट साफ होतं, त्यांचं व्हिपल झालं. असं नेहमी होत नाही, आशा वाढवायला लिहित नाहीये. पण असे ठिपके कधी साधे रक्तवाहिन्यांचे गोळे असतात, ते निरुपद्रवी, आणि आपल्या देशात टीबीसुद्धा पॅन्क्रियाजजवळच्या गाठींमध्ये बसून कॅन्सरचं सोंग घेतो. म्हणून ठिपक्यातनं सुईनं तुकडा घ्यायचा, किंवा आतनं सोनोग्राफीच्या दुर्बिणीनं गाठीतनं घ्यायचा. केमो सुरू करायलाही तो रिपोर्ट लागतोच.

दुसरं म्हणजे कॅन्सर कुठल्या जातीचा. पॅन्क्रियाजमध्ये न्यूरोएंडोक्राइन नावाचा एक वेगळा ट्यूमर होतो, कमी लोकांना होतो, हळू वाढतो, आणि त्यात लिव्हरमध्ये गेलेला असला तरी ऑपरेशनला खरंच जागा आहे. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जना तोच होता, २००३ मध्ये निदान झालं आणि ते २०११ पर्यंत होते. लोक ते नाव घेऊन माझ्याकडं येतात, मला तेव्हा हेच सांगावं लागतं की तो आजार वेगळा. आणि आमच्या भागात दुसरं नाव निघतंच, पर्रीकरांचं. गोव्याचे मुख्यमंत्री, २०१८ च्या सुरुवातीला पॅन्क्रियाजचाच कॅन्सर निघाला, मुंबई, अमेरिका, दिल्ली सगळीकडं उपचार झाले, मार्च २०१९ मध्ये गेले. तेव्हा 'पैसा असता तर आप्पा वाचले असते' असलं काही मनात धरू नका, हा आजार पैशाला बधत नाही.

तिसरं, शब्दांचा घोळ. 'पसरलाय' हा शब्द आम्ही डॉक्टर दोन अर्थानं वापरतो आणि घरच्यांना ते कळत नाही, ही आमची चूक. गाठ शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल तरी आम्ही म्हणतो पसरलाय, पण ती वेगळी स्थिती, तिथं आधी केमो देऊन मग ऑपरेशनचा विचार बऱ्याच वेळा होतो. लांबच्या अवयवात गेलाय हे दुसरं. तुमच्या आप्पांचं रिपोर्टवरनं दुसऱ्यात दिसतंय, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'शेजारी की लांब?'

मग लिव्हरमध्ये गेलेल्या पॅन्क्रियाज कॅन्सरमध्ये ऑपरेशन कधीच नाही का? कधीच नाही असं मी म्हणणार नाही. जर्मनी आणि चीनमध्ये नेमका ह्याच प्रश्नावर अभ्यास हातात घेतलेत, लिव्हरमध्ये अगदी मोजके ठिपके असलेल्या पेशंटना आधी चांगली केमो आणि ज्यांच्यात आजार मागं हटला त्यांचंच ऑपरेशन. माझा स्वतःचा नियम असा आहे, की निदान सहा महिने केमो झालेली हवी, ठिपके गेलेले किंवा अगदी वाळलेले हवेत, सीए १९-९ ही रक्ताची तपासणी नॉर्मलला किंवा जवळपास आलेली हवी, नवीन कुठं काही नको, आणि पेशंट स्वतःच्या पायानं जिना चढून माझ्या खोलीत यायला हवा. असे पेशंट वर्षाला एखादा, कधी एकही नाही. त्यातल्या एकांचं ऑपरेशन मी केलं, चिकोडीकडचे, चौदा महिने काही नव्हतं, मग परत लिव्हरमध्ये आलं. ते म्हणायचे केलं ते बरं केलं. मी अजून खात्रीनं सांगू शकत नाही की त्यांना ते महिने माझ्या सुरीनं मिळाले का त्यांच्या आजाराचा स्वभावच मवाळ होता म्हणून. मुद्दा एवढाच की हा दरवाजा असलाच तर केमोच्या पलीकडं आहे. आठवड्यात उघडू म्हणणाऱ्यानं तो क्रमच उलटा केलाय. त्यांना एवढंच विचारा, बायोप्सी न करता का, केमो आधी का नाही, तुमच्याकडं वर्षाला किती व्हिपल होतात आणि ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळे कॅन्सरचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात तिथं, ही केस ठेवली का. उत्तर देताना चिडले तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

सीए १९-९ बद्दल एक सांगायचं राहिलं, कावीळ असताना तो आकडा आपोआप चढतो, त्यामुळं तुमच्या रिपोर्टमधला आकडा बघून घाबरू नका, कावीळ उतरल्यावर परत करा, तोच खरा धरायचा. आणि काही लोकांच्या रक्तात तो जन्मतःच तयार होत नाही, त्यांना त्याचा उपयोग नाही.

आता ज्या कामांसाठी आमची खरंच गरज लागते ती बघा, कारण 'ऑपरेशन नाही' म्हणजे 'काही करायचं नाही' असं घरात बोललं जातंय हे तुमच्या लिहिण्यातनं कळतं. पित्ताची वाट मोकळी ठेवणं हे पहिलं. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि केमो चालणार असेल तर धातूचा स्टेंट बसवता येईल का विचारा, तो जास्त टिकतो. पुढं कधी गाठीनं जठराच्या पुढची वाट दाबली तर कालचं खाल्लेलं आज उलटून पडतं, तेव्हा तिथंही दुर्बिणीतनं स्टेंट बसतो, किंवा पेशंट बरा असेल तर दुर्बिणीनंच बायपास. हे ऑपरेशन आजार काढत नाही पण माणूस परत भाकरी खायला लागतो, माझ्या मते ह्या आजारात सर्जननं करायचं सगळ्यात समाधानाचं काम हेच.

जेवणाचं बघा. आप्पांना तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारी शौच होते का, खाऊनही वजन उतरतंय का? पॅन्क्रियाजचा रस आतड्यात पोचत नाही म्हणून होतं ते. एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर आणि मधे घ्यायच्या, जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही. त्या डुकराच्या पॅन्क्रियाजपासनं बनतात. आमच्याकडं जैन, लिंगायत, मुस्लिम घरं बरीच, मी लिहून देण्याआधीच सांगतो आणि त्यांना ठरवू देतो, लपवून देत नाही. बहुतेक लोक औषध म्हणून घेतात. साखर पण तपासत राहा, ह्या आजारात शुगर नव्यानं चढते.

पाठीत जाणारं दुखणं सहन करायला लावू नका. मॉर्फिन म्हटलं की घरचे दचकतात, शेवटचं औषध समजतात. तसं नाहीये, दुखणं थांबलं की माणूस झोपतो, खातो, केमो सोसतो. बरोबर पोट साफ व्हायचं औषध द्यावंच लागतं. गोळ्या पुरल्या नाहीत तर पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ते दुखणं कमी करता येतं. एका पायाला अचानक सूज आली तर दाखवा, ह्या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात.

एक रक्ताची तपासणी केमोच्या डॉक्टरांना आठवणीनं विचारा, बीआरसीए जीनची. घरात आत्या, आजी कुणाला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला होता का आठवून बघा, नसला तरी करण्यासारखी आहे. त्या जीनमध्ये दोष निघाला तर केमोत कुठलं औषध वापरायचं ते बदलतं, नंतर ओलापॅरिब नावाची गोळी वापरता येते, आणि तुम्हा भावंडांनाही स्वतःची काळजी घ्यायला ते कळलेलं बरं.

कुठं जायचं? केमोसाठी लांब जायची गरज नाही. हीच औषधं बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी सगळीकडं मिळतात आणि दर दोन आठवड्यांनी रात्रीच्या बसनं मुंबई करून आप्पा निम्मे होतील. एकदा मत घ्यायला टाटाला किंवा बेंगळूरला किदवाई कॅन्सर हॉस्पिटलला जरूर जा, टाटाचं ऑनलाइन मत घ्यायचीही सोय आहे. जाताना नुसता कागदी रिपोर्ट नको, सीटीची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेले तुकडे, घेऊन जा, नाहीतर सगळं परत करायला लावतात. पैशाचं म्हणाल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं कार्ड काढा, खासगीत वापरायचं तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, ती आधी घ्या. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय घेतला, त्यावरनं दोन सरकारांत ओढाताणही झाली, तेव्हा तुमचं गाव यादीत आहे का आणि कोल्हापूरच्या ज्या हॉस्पिटलला जायचंय ते ही योजना आज घेतंय का हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, फोन करून विचारा आणि मगच निघा.

शेवटचा तुमचा प्रश्न, आप्पांना सांगायचं का. तुम्ही लिहिलंय की त्यांना 'काविळीचा त्रास आहे' एवढंच सांगितलंय. ताई, केमोच्या वॉर्डात शेजारच्या कॉटवरचा माणूस त्यांना दुसऱ्या दिवशी सांगेल. त्यापेक्षा तुम्ही सांगा, किंवा डॉक्टरांना सांगायला लावा आणि तुम्ही शेजारी बसा. सगळे आकडे सांगायची गरज नाही, ते विचारतील तेवढंच. मी विचारतो, 'तुम्हाला काय वाटतंय काय झालंय?' आणि निम्म्या वेळा पेशंटच म्हणतो, 'कॅन्सर आहे नव्हं डॉक्टर, पोरं बोलत नाहीत.' एका आजोबांना असं कळल्यावर त्यांनी आधी शेताचा उतारा बायकोच्या नावावर करून घेतला, मग म्हणाले आता केमो लावा, ऊस कारखान्याला गेलेला बघायचाय मला. बघितला त्यांनी तो.

ॲडव्हान्स अजून भरला नसेल तर थांबा, बायोप्सीचं आधी बघा. आणि आज रात्री, उद्या, कधीही आप्पांना हुडहुडी भरून ताप आला किंवा डोळे परत पिवळे झाले तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, स्टेंट तुंबलेला असू शकतो, त्याच रात्री गाडी काढून ज्यांनी स्टेंट टाकला त्यांच्याकडं न्या.